सशाच्या कानाचे केस

धूर आला की मला राग येतो. इतरांना खोकला येतो, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाचं डोकं धरतं. माझं तसलं काही होत नाही. परवा सकाळी सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या फ्लॅटची खिडकी उघडली, तर समोरचा ब्लॉक नेहमीपेक्षा जरा लांब सरकल्यासारखा दिसला आणि जळक्या लाकडाचा तो ओळखीचा वास आत आला. आधी वाटतं, शेजारी काहीतरी करपलंय. मग लक्षात येतं, करपलंय ते समुद्रापलीकडे, सुमात्रातल्या रानात, आणि ते आता बरेच दिवस करपतच राहणार आहे. मी खिडकी इतक्या जोरात लावली की आतून प्रसादने विचारलं, "काय झालं?" "काही नाही," म्हटलं. माझ्या 'काही नाही'चा अर्थ नवऱ्याला बरोबर कळतो. तो सरळ बॉम्ब शेल्टरमध्ये गेला. इथल्या घरांत बॉम्बपासून वाचायला बांधलेली जाड भिंतींची एक खोली असते आणि सगळे तिच्यात अडगळ ठेवतात. तिथून त्याने हवेचा प्युरिफायर बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि लावून दिला.

सिंगापुरात ऋतू नसतात असं लोक म्हणतात. बारा महिने घाम, बारा महिने पाऊस, बारा महिने मॉलमधली थंडी. पण धुराचा ऋतू असतो. दरवर्षी येतोच असं नाही, आला तरी सारखाच येतो असं नाही. एखाद्या वर्षी नुसतं तोंड दाखवून जातो, एखाद्या वर्षी ठाण मांडून बसतो. मग माणसं एकमेकांना 'कसे आहात' विचारायचं सोडून 'आज किती?' विचारतात. किती म्हणजे हवेतल्या धुराचा आकडा, जो सगळ्यांच्या मोबाइलवर तासातासाला बदलत असतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, निम्मे चेहरे मास्कमागे जातात. खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा गलका बंद होतो, आणि एवढ्या मुलांच्या वस्तीत तो बंद झालेला फार कानाला लागतो.

माझा धूर २०१५ सालचा. त्यानंतर जो जो धूर आला तो मला त्याचीच उजळणी वाटतो.

त्या वर्षी माझा ईशान दीड वर्षाचा होता आणि तो माझ्याजवळ नव्हता. हे वाक्य लिहायला आजही नको वाटतं, पण त्यात जगावेगळं काही नव्हतं. इथे आलेल्या आपल्याकडच्या निम्म्या घरांची ती गोष्ट आहे. मूल होतं, सासू येते, सासू जाते, आई येते, तिचा इथे राहायचा पास संपतो, तीही जाते. पाळणाघरात नंबर लागत नाही, कामाला ठेवलेली बाई टिकत नाही. मग एक दिवस सगळे मिळून शहाण्यासारखे ठरवतात की 'थोडे दिवस' मुलाला तिकडे पाठवावं. आमच्या सासूबाई व्हिसा संपल्यावर सांगलीला परत निघाल्या, तेव्हा ईशानला घेऊन गेल्या. विमानतळावर तो त्यांच्या खांद्यावर झोपलेला होता. मी दसऱ्याला त्याला आणायला जाणार, हे त्याच दिवशी पक्कं झालं होतं. रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं, घराजवळच्या पाळणाघरात अखेर जागाही मिळाली होती.

वन-नॉर्थला आमचं ऑफिस होतं आणि त्यात करंदीकर सर होते. ऑफिसात सगळे त्यांना करन म्हणत, अगदी कालची आलेली पोरंसुद्धा. मी एकटी 'सर' म्हणायचे. ते मूळचे पुण्याचे, पंचवीसेक वर्षं इथे काढलेले, नागरिकत्व घेतलेले, बुओना व्हिस्टाजवळ महागड्या खासगी इमारतीत, कॉंडोत राहणारे. गणपतीत त्यांच्या घरी उकडीचे मोदक खायला आम्ही जात असू. आणि त्यांना एक वेड होतं, ट्राउट मासे पकडायचं. सिंगापुरात ट्राउट नसतो. त्याला थंडगार, वाहतं, काचेसारखं स्वच्छ पाणी लागतं. म्हणून दर डिसेंबरात ते न्यूझीलंडला जात. उरलेलं वर्षभर आमच्या घराजवळच्या तलावाच्या काठी, मासे धरायची परवानगी असलेल्या पट्ट्यात, रविवारी उभे राहून इथल्या आडदांड माशांवर हौस भागवत. आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, टेबलाला एक छोटी पकड कसून, तिच्यात गळ धरून, त्यावर दोरा गुंडाळून माशांना भुलवायच्या खोट्या माश्या बांधत.

मीही सांगलीची. कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसं पाहत मोठी झाले. आमच्याकडे गांडूळ लावतात नाहीतर कणकेची गोळी. हे पिसं, रेशीम, सोन्याची जर वगैरे प्रकरण मला नवीन होतं. मी एकदा विचारलं, "सर, एवढ्या प्रकारच्या कशाला लागतात?"

त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली. एका बाजूला लाल, केशरी, हिरव्या झगमगत्या वस्तू होत्या, जरीच्या, मागे मऊ पिसांच्या शेपट्या. दुसऱ्या बाजूला बारीकसारीक मातकट ठिपके. खिशाच्या तळाशी साठतात ना, तसले.

"हे लूअर," ते झगमगीकडे बोट दाखवून म्हणाले. "सांग बघू, हे कुणासारखं दिसतं?"

"कुणासारखंच नाही."

"बरोब्बर. जगात असला किडा नाही. हे पाण्यातून झरझर ओढायचं. मासा भुकेने येत नाही याच्यावर. नाकासमोरून काहीतरी ऐटीत गेलं की त्याला राग येतो, नाहीतर कुतूहल वाटतं. आणि माशाला हात कुठेत? राग आला तरी तोंड, चाचपायचं तरी तोंड."

"आणि हे?"

"ही नक्कल. इथे खरी विद्या." त्यांनी चिमट्याने एक ठिपका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. राखी-तपकिरी, लवदार. "आधी पाण्यात काही टाकायचंच नाही. काठावर बसायचं. दगड उलटून बघायचा, खाली काय चिकटलंय. त्या दिवशी, त्या वेळी पाण्यात काय निपजतंय, मासा काय खातोय, ते ओळखायचं. आणि तेच द्यायचं, त्याच मापाचं, त्याच रंगाचं. दोरी अजिबात ओढायची नाही. प्रवाह नेईल तसं जाऊ द्यायचं. जरा ओढ जाणवली की जुना मासा सावध होतो. नाही जाणवली, तर तो आपणहून येतो."

"हे केस कसले?"

"सशाच्या कानाचे. खरे. हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात, पाण्यात जिवंत वाटतात. मी नायलॉन लावून बघितलं, नाही जमत. थोडं खरं असावंच लागतं."

"म्हणजे फसवणूकच की सर," मी हसून म्हणाले.

तेही हसले. "लूअरला फसतो तो अडाणी मासा. नकलेला फसतो त्याला अडाणी नाही म्हणता येत. तो बिचारा आपलं रोजचं जेवत असतो."

मला ते सगळं फार आवडलं होतं. घरी जाऊन मी प्रसादला रंगवून सांगितलं. आपल्याला कुणीतरी मन लावून काही शिकवतंय, तेही मराठीत, याचंच परदेशात केवढं अप्रूप असतं!

सप्टेंबरात आमच्या प्रकल्पाची तारीख पुढे ढकलली गेली आणि नेमकी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात येऊन पडली. मग एचआरच्या बाई आल्या. मला 'सीनियर'चं पद मिळेल म्हणाल्या. काम संपल्यावर अख्ख्या टीमला बिंतान बेटावरच्या रिसॉर्टला नेतील म्हणाल्या. रजेचं तेवढं बघा. मी तोंडावर नाही सांगितलं. मुलाला आणायला जायचंय, रजा मंजूर आहे, माझ्याऐवजी काम कुणी बघायचं तेही ठरलंय. बाई परत गेल्या आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. झगमगीला मी बधले नव्हते. मी काही अडाणी मासा नव्हते.

त्यानंतर करंदीकर सर संध्याकाळी माझ्या टेबलाशी थांबायला लागले. "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. 'लंच झाला का' नाही, 'खाल्लं का काही' नाही. "जेवलीस का?", 'का' जरा लांबवून, माझे वडील विचारायचे तसं. त्या काचेच्या इमारतीत दिवसभर इंग्रजी बोलून जीभ आंबल्यावर ते ऐकू आलं की मी हातातलं काम बाजूला सारायचे. मग ते ईशानची चौकशी करायचे. काय खातो, किती शब्द बोलतो, सांगलीत कुणाला जास्त चिकटलेला असतो. त्याच्या बाळदम्याचं विचारायचे. ते त्यांना ठाऊकच होतं. आदल्या वर्षी एका पहाटे त्याला धाप लागली, तेव्हा वाफ द्यायचं मशीन घेऊन टॅक्सीने पुंगोलला धावत आले होते ते सरच. मी भरभरून बोलायचे. ते ऐकून घ्यायचे. दगड उलटले जात होते.

मग धूर आला. आला तो असा आला की एक दिवस शाळासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या. दुपारी चारला दिवे लावायला लागत. सूर्याकडे डोळे उघडे ठेवून बघता यायचं, इतका तो निस्तेज झाला होता. त्या दिवसांत सिंगापुरातल्या प्रत्येक आईच्या मनात एकच गोष्ट निपजत होती, तासातासाला, आकडा बघून बघून. माझ्याही मनात होतीच. दीड वर्षाचं पोर, त्याची ती शिट्टी वाजणारी छाती, आणि ही हवा. मी कुणाजवळ बोलले नव्हते एवढंच.

एका संध्याकाळी सर आणि मी बरोबरच स्टेशनकडे चाललो होतो, दोघंही मास्क लावून. ते चालता चालता म्हणाले, "अगं, एवढ्या धुरात आणतेस लेकराला? त्याच्या छातीचं काय? तिकडे मोकळ्या हवेत आहे, राहू दे की महिनाभर आणखी." आणि मग लगेच, "तू ठरव बाई. मी आपलं काळजीपोटी बोललो." पुढे स्टेशन येईपर्यंत त्यांनी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फक्त, "जेवलीस का?"

मी आपणहून रजा रद्द केली.

प्रसादला वाटलं होतं, आणावं. तो म्हणाला, "अगं, धूर काय, जाईल." मीच त्याच्यावर उखडले. "तुला काय जातंय बोलायला? सर म्हणाले ते बरोबर आहे." हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांची वेळापत्रकं जमवणारा माझा साधा नवरा तिकीट रद्द करायला बसला. मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस." आणि पुढच्या शनिवार-रविवारच्या कामाच्या वाटपात माझं नाव सगळ्यांत वर होतं.

त्या दिवसांत ईशान मला रोज मोबाइलच्या पडद्यावर दिसायचा. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. तो पडद्याला पापा द्यायचा, अर्धं चावलेलं केळं पडद्याला भरवायचा. सासूबाई विचारायच्या, "आई कुठेय रे? आई दाखव," आणि तो इवलंसं बोट उचलून मोबाइल दाखवायचा. आम्ही हसायचो. सगळे हसायचो. त्याचा व्हिडिओ काढून मी कुणाकुणाला पाठवला होता. सरांनाही. त्यांनी तीन हसरे चेहरे पाठवले होते.

दसरा आला. त्या संध्याकाळी आम्ही सरांकडे सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. दरवर्षी मी सोनेरी कार्डपेपरची कापते, मधली घडी नखाने दाबून. आपट्याचं पान म्हणजे सोन्याची नक्कल आणि माझं पान म्हणजे त्या नकलेचीही नक्कल. पण यात कुणी फसत नाही. देणाऱ्याला ठाऊक असतं हे सोनं नाही, घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तरी दोघं वाकून, हसून देवाणघेवाण करतात. मला त्या घटकेपर्यंत वाटायचं, नक्कल म्हणजे अशीच असते.

दार उघडलं ते सरांच्या मुलीने. सिडनीला असते ती. तिच्या कडेवर दहा-अकरा महिन्यांची मुलगी होती, लाळ गळत असलेली, गोड.

"अय्या, तू कधी आलीस?" मी विचारलं.

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे. म्हणजे धूर ऐन भरात असताना. "आणि धुराचं काय? हिला एवढ्या धुरात..." माझं वाक्य मलाच पुरं करता येईना, कारण ते माझं नव्हतंच.

"मी घाबरले होते गं," ती म्हणाली. "तिकीट रद्दच करणार होते. पण बाबा म्हणाले, वेडी आहेस का, चार भिंतींच्या आत काही होत नाही. खिडक्या लाव, प्युरिफायर लाव, झालं. आणि खरंच काही झालं नाही."

मागे हॉलमध्ये दोन प्युरिफायर गुरगुरत होते. टीपॉयवर माश्यांची ती डबी उघडी पडली होती, डिसेंबरची तयारी चालली असणार. सर आतून आले. मला वाटलं, त्यांचा चेहरा पडेल. एक क्षण तरी. नाही पडला. "या या, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणाले आणि माझ्याकडे वळून, "जेवलीस का?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाताना कशी वाटते ते मला त्या हॉलमध्ये कळलं. मी म्हटलं, "सर, हिला धूर लागत नाही?"

"अगं, हिची छाती दणकट आहे," ते नातीच्या गालाला हात लावून म्हणाले. "आणि इथे आजोबा आहे ना लक्ष ठेवायला."

प्रसादने माझं कोपर धरलं. मी कागदी पान सरांच्या हातावर ठेवलं. वाकले नाही. लिफ्टमध्ये प्रसाद काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, "एक शब्द बोलू नकोस."

पुढचं काम मी केलं. शेवटपर्यंत केलं, चोख केलं. याचाही मला राग आहे. दाणकन राजीनामा आपटून निघून जायला हातात दुसऱ्या नोकरीचा पास लागतो, नाहीतर देशच सोडावा लागतो. प्रकल्प सुरळीत पार पडला, त्या आठवड्यात धूरही गेला, आभाळ निळं झालं, आणि डिसेंबरात सर न्यूझीलंडला गेले. मी सांगलीला गेले.

दारात सासूबाई ईशानला घेऊन उभ्या होत्या. मी हात पुढे केले. त्याने मान फिरवून त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. मुलं करतातच तसं, मी मनाची तयारी केली होती. सासूबाईंना वाटलं, आता गंमत होईल. त्या म्हणाल्या, "आई कुठेय रे? आई दाखव." तो त्यांच्या कडेवरून उतरला, माझ्या शेजारून दुडूदुडू धावत गेला आणि कॉटवर पडलेल्या मोबाइलवर बोट ठेवून, लबाड हसून, माझ्याकडे बघायला लागला. बरोबर उत्तर दिल्यावर टाळ्या वाजायच्या ना. तो टाळ्यांची वाट बघत होता.

मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होते?

मग मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. तो शोधत हिंडायचा, "आई, आई" करत, उशीखाली, गादीखाली. मी त्याच्यामागून हिंडायचे. इथे परत आणल्यावर एकदा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला ठेचकाळून पडला आणि "आई" म्हणून ओरडला, तेव्हाही त्याचे डोळे आधी टेबलावरच्या फोनकडे गेले. मी त्याला उचलून घेतलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग माझ्या नाकाला हात लावून बघितला. पडद्याला नाक नसतं, हाताला लागेल असं.

आज ईशान साडेपाच वर्षांचा आहे. त्याला यातलं काहीही आठवत नाही. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतो आणि मास्क घालायला सांगितला की हातपाय आपटतो. परवा इथल्या तुटक इंग्रजीत म्हणाला, "ममा, व्हाय यू ऑल्वेज अँग्री वन?" त्याची आई म्हणजे मीच, याबद्दल त्याच्या मनात आता तिळमात्र शंका नाही. मग तुझं बिघडलं काय, असं मला पुष्कळजण विचारतात. प्रसादही एकदा म्हणाला, "अगं, त्या माणसाला तुझी काळजी नव्हतीच असं नाही."

तेच तर! सरांना काळजी नव्हती, सगळं ढोंग होतं, असं असतं तर मी केव्हाच विसरले असते. खोटारड्या माणसावर रागावणं सोपं असतं, दोन शिव्या घातल्या की संपतं. पण पहाटेच्या टॅक्सीतून वाफेचं मशीन घेऊन आलेला माणूस खरा होता. 'जेवलीस का'मधला ओलावा खरा होता. ईशानच्या छातीची त्यांना वाटलेली धास्तीसुद्धा, कोण जाणे, खरी असेल. सशाच्या कानाचे केस खरेच असतात. फक्त ते गळावर बांधलेले असतात. केसाने गळा कापला असं आपण एरवी सहज म्हणतो. मी ते अगदी जवळून पाहिलंय, तळहातावर घेऊन.

आणि माझी भूक, तीही खरी होती. घरच्या कुणीतरी घरच्या भाषेत आपली काळजी करावी, एवढीच. ती भूक लागणं हा काही माझा गुन्हा नव्हे. म्हणून स्वतःवर मी रागावत नाही. सगळा राग मी जपून त्यांच्या नावावर ठेवलाय.

सर आता निवृत्त झालेत. ती नोकरी मी सोडली त्यालाही बरेच दिवस झाले. पण दर डिसेंबरात मोबाइलवर त्यांचा फोटो येतो. गुडघाभर पाण्यात उभे, दोन्ही हातांत ठिपक्याठिपक्यांचा देखणा ट्राउट. खाली लिहिलेलं असतं, 'पकडला आणि सोडून दिला. त्याला काही होत नाही.' सगळे पसंतीचे अंगठे पाठवतात. मी कधीच काही लिहीत नाही. त्याला काही होत नाही हे तुम्हाला कोण सांगून गेलं, असं विचारायचं दरवेळी ओठांवर येतं. तो पाण्यात परत गेला, पोहायला लागला, एवढंच तुम्ही बघितलंत.

मी अजून वन-नॉर्थलाच आहे, दुसऱ्या इमारतीत. माझ्या टीममध्ये मृण्मयी म्हणून एक मुलगी आहे, कराडची. तिचं दहा महिन्यांचं बाळ कराडला तिच्या आईकडे आहे आणि या शुक्रवारी ती त्याला आणायला निघणार आहे. तिकीट धरून ठेवलंय, पैसे भरायचे राहिलेत. इकडे आमच्या कामाची तारीख अलीकडे आलीय. आमच्या साहेबीण हुई लिंग यांनी आधी तिला बालीच्या सहलीचं गाजर दाखवून पाहिलं. ती बधली नाही. तेव्हा काल त्या माझ्याकडे आल्या, आवाज मऊ करून म्हणाल्या, "यू टॉक टु हर लाह. यू ऑल सेम प्लेस, व्हॉट. शी विल लिसन टु यू."

बिचाऱ्या बाईंना काय ठाऊक त्या काय मागतायत ते. मी उठले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे वरचे मजले धुरात गेले होते. मृण्मयी तिच्या टेबलाशी मोबाइलवर आकडा बघत बसली होती. मी काही बोलायच्या आधी तीच माझ्याकडे वळली. डोळे भरलेले.

"ताई, तुम्हीच सांगा. एवढ्या धुरात आणू का हो त्याला?"

मला काही करावंच लागणार नव्हतं. ती आपणहून आली होती. 'कशाला आणतेस गं, राहू दे महिनाभर', सगळं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सगळ्यात भयंकर हे, की ते मला मनापासून वाटत होतं. दहा महिन्यांचं लेकरू, अशी हवा, कुठल्या बाईला धास्ती वाटणार नाही? एवढंच बोलले असते तरी पुरे होतं. ती थांबली असती, काम झालं असतं, हुई लिंग खूश झाल्या असत्या, आणि मृण्मयी जन्मभर मला काळजी करणारी ताई म्हणाली असती.

"खिडक्या लाव," मी म्हटलं. "आमच्याकडे जास्तीचा प्युरिफायर आहे, तो आज संध्याकाळी येऊन घेऊन जा. आणि त्याला आण. तिकिटाचे पैसे आत्ता भर, माझ्यासमोर."

आवाज फारच चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची दोघं मान वर करून बघायला लागली. मृण्मयी दचकली. तिला बहुधा मायेने कुणीतरी बोलायला हवं होतं. चेहरा जरा उतरला तिचा. पण तिने पैसे भरले. मी मागे उभी राहून ते होईपर्यंत बघितलं, आणि तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाही.